चादरींचं ऑफिस

ऑफिस थाटायला एक टेबल, एक खुर्ची आणि बंद होणारं दार लागतं, अशी माझी समजूत होती. टेबल आलं, खुर्ची आली. दार मात्र बंद केलं की आपणहून हळूहळू उघडायचं आणि मीटिंगमध्ये माझ्या खांद्यावरून सगळ्या पुण्याला आप्पांची खाट दिसायची. पुण्याच्या विमा कंपनीनं मला सोलापुरात घरी बसून काम करायची परवानगी दिली होती, ती उन्हाळ्यापर्यंत आणि तीही चाचणी म्हणून. अट एकच, जागा शांत पाहिजे. नसेल तर बाडबिस्तरा गुंडाळून परत पुण्याला, आणि माझ्यामागोमाग आप्पांनाही. माझ्या वडलांना पुण्याला एकदा नेऊन बघितलं होतं. तिथं ते हातात पिशवी घेऊन लिफ्टपाशी उभे राहायचे आणि येणाऱ्याजाणाऱ्याला विचारायचे, "सोलापूर का?" पुढं त्यांनी जेवण सोडलं, मग बोलणं सोडलं. डॉक्टरांनी सांगितलं, यांना जगवायचं असेल तर घरी न्या. थोडक्यात, शांत खोली ही माझी चैन नव्हती. आप्पांचं जगणं त्या खोलीवर अवलंबून होतं.

घर सोलापूरच्या पूर्व भागातलं, मागवाल्यांच्या गल्लीतलं. आप्पांनी उभं आयुष्य याच घराच्या मागच्या खोलीत मालकाचा माग चालवला. मागाच्या खडखडाटात त्यांचे कान गेले. मालकानं धंदा बंद केला, माग भंगारात घातला आणि घर आप्पांनाच भाड्यानं दिलं. भंगारवाला आला तेव्हा आप्पांच्या मागावर अर्धी चादर होती. त्यानं ती कात्रीनं कापून आप्पांच्या हातात दिली. तेव्हापासून आप्पा तीच पांघरतात. ती गळ्यापासून ओढली तर गुडघ्यापर्यंत येते. संक्रांतीला गड्ड्याच्या जत्रेच्या थंडीत त्यांचे पाय उघडे बघून माझी बायको ऋतुजा दुसरी चादर घालायला गेली, तर त्यांनी ती घडी करून उशाला ठेवली.

या मागच्या खोलीत माझं ऑफिस थाटायचं ठरलं. बातमी गल्लीत पोचायला वेळ लागला नाही. पहिले आले ते धनाजीराव. हे गृहस्थ निवृत्त आहेत. कुठल्या खात्यातून, ते त्यांनी कधी स्पष्ट केलं नाही, पण सगळ्या खात्यांच्या कारभाराविषयी त्यांना सारखीच माहिती आहे. खोक्यातून आलेलं टेबल मी पत्रक बघून जोडत होतो. टेबल उभं राहिल्यावर एक स्क्रू हातात शिल्लक राहिला. धनाजीराव तो निरखत म्हणाले, "हा स्क्रू जपून ठेवा. टेबल पडल्यावर कुठला होता ते कळेल." मग त्यांनी सांगितलं, की विम्याचं काम पूर्वेकडं तोंड करून करावं, दावे लवकर मंजूर होतात. माझं काम दावे नामंजूर करण्याचं आहे हे मी त्यांना सांगितलं नाही. टेबल पूर्वेच्या भिंतीला लावलं.

सकाळी बघतो तर टेबल खोलीच्या मधोमध, आडवं. जिथं मागाचे पाय फरशीत रोवलेले होते तिथं लोखंडी बोल्टांचे बुंधे अजून वर आलेत. टेबलाचे पाय नेमके त्या बुंध्यांना चिकटून उभे होते. मी ऋतुजाला विचारलं, झाडताना टेबल हलवलंस का? ती म्हणाली, "त्या खोलीत झाडायचं तुझ्याकडं आहे." हे खरं होतं, त्यामुळं विषय बदलला. टेबल परत पूर्वेला नेलं. दुसऱ्या सकाळी परत मधोमध. आठवडाभर माझी आणि त्या टेबलाची अशी ओढाताण चालली. शेवटी एका शिकल्यासवरल्या माणसानं फर्निचरशी किती वाद घालावा याला मर्यादा असते असं ठरवून मी खुर्चीच मधोमध नेली. टेबल नंतर कधी हललं नाही, पण ते जिंकलं आहे ही जाणीव मला बसता-उठता होत राहिली.

पहिल्याच मीटिंगमध्ये आमच्या वरिष्ठ अपेक्षा मॅडमनी कपाळाला आठी घातली. "दिग्विजय, तुमच्याकडे कसला आवाज येतोय? खटक-खटक, खटक-खटक."

मी कान दिला. दुपारची वेळ होती. गल्लीत कुत्रंसुद्धा भुंकत नव्हतं.

"इथं काही आवाज नाही मॅडम."

"आम्हाला सगळ्यांना येतोय," त्या म्हणाल्या. बाकीच्या चौकोनांतल्या माना हलल्या. माझ्याबद्दल एवढं एकमत कंपनीत पूर्वी कधी झालं नव्हतं.

आवाज घालवायला खोलीला अस्तर लावायचं ठरवलं. इंटरनेटवर त्यासाठी परदेशी स्पंजाच्या लाद्या दाखवतात. सोलापुरात राहून स्पंज विकत घेणं मला अपमानास्पद वाटलं. ओळखीच्या कारखान्यातून उतरलेल्या डागी चादरी आणल्या आणि चारही भिंतींवर वरपासून खालपर्यंत खिळ्यांनी ठोकल्या. माझ्या डोक्यामागं हिरव्या-तांबड्या मोरांची जोडी आली. पुढच्या मीटिंगमध्ये दिल्लीच्या एका सहकाऱ्यानं अगदी आदरानं विचारलं, की मी कुठल्या देवळातून बोलतोय. दुसऱ्यानं भाव विचारला. आवाज कमी झाला का, याचं उत्तर द्यायला कुणाला सवड नव्हती. शेवटी मॅडमच म्हणाल्या, "उलट जास्त स्पष्ट येतोय. आता घुमत नाहीये."

शेजारच्या बसव्वा काकू चादरी बघायला आल्या. त्या मूळच्या अक्कलकोटकडच्या, निम्मं कानडी बोलतात आणि निम्मं मराठी, आणि दोन्हीत सल्ला देतात. त्यांनी दाराला लिंबू-मिरची बांधली, माझ्या लॅपटॉपला अंगारा लावला आणि मोरांच्या चोची तपासून हे कुठल्या मागावरचं काम आहे ते सांगितलं. मग बाहेर येऊन आप्पांच्या खाटेपाशी थबकल्या. आप्पा डोळे मिटून पडले होते. उजव्या हाताची बोटं चादरीवर काहीतरी चिमटीत धरल्यासारखी हलत होती. डॉक्टरांनी याला वयाचं कंपन म्हटलं होतं आणि गोळी दिली होती.

"ही चादर अर्धी हाय," काकू म्हणाल्या.

"हो. शेवटची राहिली त्यांची."

"पुरी करू नका बरं का. कुनी म्हनलं तरी इल्ला, न्हाय म्हना." त्या खाटेच्या कडेला टेकल्या. "आमचे हे, मल्लप्पा, अंथरुनाला खिळले तवा मागावर अर्धी चादर व्हती. आमच्या गल्लीत असल्या कापडाला कुनी हात लावत न्हाय. अर्धं काम हाय तवर मानूस थांबतंय. लई दिस थांबले ते. मग आमचे दीर आले, शिकलेले. वैनी, मी पुरी करून देतो म्हनले. दुपारी किनार झाली, संध्याकाळी हे गेले."

मी सुशिक्षित माणसानं करावं तसं गंभीर तोंड केलं आणि आत येऊन ऋतुजाला हसत हसत सांगितलं. ती हसली नाही. तिनं विचारलं, "मग ते दीर आता काय करतात?" ही माहिती मी विचारून घेतली नव्हती.

ऊन तापायला लागलं. चादरींनी मढवलेल्या खोलीत सोलापूरचा मार्च महिना काढणं म्हणजे पापड होऊन निघणं. एसी घ्यायचं ठरलं, तर वायरमन म्हणाला, या खोलीचा मीटर वेगळा आहे आणि तो अजून यंत्रमागाच्या नावावर आहे, आधी तो बदलून आणा. मी वीज कचेरीत गेलो. खिडकीतल्या बाईंनी संगणकात बघून विचारलं, "माग चालू आहे का बंद?"

"माग नाहीच."

"नाही असं यात नाहीये. चालू किंवा बंद."

"मग बंद लिहा."

"बंद लिहायला आमचा माणूस येऊन बंद माग बघणार."

"पण माग भंगारात गेला. तो बघायचा कुठून?"

"मग बंद आहे कशावरून?" त्यांनी खरोखर उत्सुकतेनं विचारलं. धनाजीराव मदतीला म्हणून बरोबर आले होते. ते म्हणाले, "बाईंचा मुद्दा बिनतोड आहे." वर त्या बाईंशी त्यांची कुणातरी सामायिक भाचीवरून ओळख निघाली आणि ते दोघं चहाला गेले.

माणूस आला तो ऐन दुपारी. मी खोलीतलं सगळं बंद केलं, पंखासुद्धा. घाम पुसत तो मीटरसमोर उभा राहिला. जुन्या पद्धतीचा, चकतीचा मीटर. चकती गरागरा फिरत होती.

"चालू हाय की साहेब," तो म्हणाला.

"काय चालू आहे? दाखवा."

त्यानं खोलीत डोकं घातलं. चादरी, मोर, टेबल, मधोमध मांडलेली माझी खुर्ची. त्यानं फरशीवर तळवा टेकला आणि थोडा वेळ तसाच ठेवला. मग उठून हात पँटला पुसले. "माझं काम मीटर बघायचं हाय," तो म्हणाला आणि चालू असं लिहून गेला. पाणी विचारलं तर तेही नको म्हणाला. मी त्याच्यासारखाच फरशीवर तळवा टेकून बघितला. फरशी थरथरत होती. रस्त्यावरून ट्रक जात असणार अशी मी स्वतःची समजूत घातली. आमच्या गल्लीत ट्रक शिरत नाही.

त्यानंतर लॅपटॉपवर रोज सकाळी पांढरं तूस साचायला लागलं. कापसाचं, मऊ. भिंतींवर चादरी असताना तूस पडणारच, हे मी तीन वेगवेगळ्या लोकांना समजावून सांगितलं. तिघांपैकी एकानंही विचारलं नव्हतं.

कंपनीच्या तंत्रज्ञ मंडळींनी मला आवाज गाळणारी एक प्रणाली बसवून दिली. माणसाचा आवाज ठेवायचा आणि बाकीची गडबड काढून टाकायची, असं तिचं काम. पुढच्या मीटिंगमध्ये मी महिन्याचा अहवाल अगदी कळकळीनं वाचला. संपल्यावर मॅडम म्हणाल्या, "दिग्विजय, तुमचा आवाजच आला नाही. सगळा वेळ फक्त ती खटक-खटक येत होती." प्रणालीनं मला गडबड म्हणून गाळून टाकलं होतं. इतकी वर्षं नोकरी करून माझ्याबद्दलचं हे मत मला एका यंत्राकडून कळलं याचं मला वाईट वाटलं, ते मी लपवणार नाही.

मॅडमनी त्या मीटिंगचं रेकॉर्डिंग पाठवलं. मी कानात इयरफोन घालून ऐकलं. तो माग होता. मागवाल्यांच्या गल्लीत वाढलेल्या माणसाला दुसरं काही वाटणं शक्य नाही. सूत घेऊन धोटा इकडून तिकडं, ठोका, धोटा, ठोका. मध्येच तो थांबला. मग दुरून ऋतुजाचा आवाज आला, "आप्पा, चहा घ्या." बराच वेळ काही नाही. मग पुन्हा सुरू. इयरफोन काढले तर खोलीत चिडीचूप. बाहेर येऊन बघितलं, आप्पा माझ्याकडंच बघत होते.

"दिगू," ते म्हणाले, "ठोका जरा ढिला हाय. पट्टा बघ की."

पुण्याहून आल्यापासून ते एवढं सलग पहिल्यांदा बोलले होते. त्यांचा चेहराही भरल्यासारखा दिसत होता. मी त्यांच्या कानाशी ओरडून विचारलं, "आप्पा, तुम्हाला ऐकू येतं?"

"फकस्त तेवढंच येतंय," ते म्हणाले. "बाकी काय न्हाय."

मला भीती वाटली, अगदी स्वच्छ भीती. पण भीती वाटून घ्यायला फुरसत कुठं होती? कायमच्या परवानगीची मीटिंग तोंडावर आली होती, आणि तिला मुंबईचे मोठे साहेब बसणार होते. त्यांच्यासमोर दार आपणहून उघडलं आणि मागून कुणी पट्टा बघायला सांगितलं, तर माझी फाइल तिथंच बंद होणार. मी बार्शीला माझ्या बहिणीला, विजयमालाअक्काला फोन केला. चार दिवस आप्पांना तुझ्याकडं ठेव म्हटलं. अक्का न्यायला आली. तिच्याबरोबर एसटीत बसवलं तेव्हा आप्पांनी विरोध केला नाही. फक्त चादर आठवणीनं बरोबर घेतली.

त्यांची गाडी हलली आणि मी घरी आलो. मागच्या खोलीचं दार लावलं, ते लागलेलंच राहिलं. मीटरची चकती थांबली होती. टेबलावर तूस नव्हतं. एवढी शांत खोली मी आयुष्यात बघितली नव्हती, आणि तिच्यात बसवेना. मीटिंग झाली. मोठ्या साहेबांनी मोरांची चौकशी केली. मॅडम म्हणाल्या, "आज अगदी शांत आहे. असंच ठेवा." संध्याकाळी कायमच्या परवानगीचा मेल आला. ऋतुजानं शिरा केला. धनाजीरावांनी पूर्व दिशेचं अभिनंदन केलं.

मी अक्काला फोन लावला. आनंदाची बातमी सांगितली, आणि सांगता सांगता थांबलो. तिच्या आवाजामागं, फोनमधून, मला ऐकू येत होतं. खटक-खटक, खटक-खटक.

"अक्का, तुझ्याकडं शेजारी माग आहे का?"

"हितं? बार्शीत कुठला माग? समोर दाण्याचं गोदाम हाय. का रं?"

"आप्पा कसे आहेत?"

"लई खुशीत हाईत. दिवसभर पडून असत्यात, बोटं हलवत. आन् बरं झालं बाबा, ती मोठी चादर दिलीस. मागल्या खेपंला आले तवा पाय उघडे पडायचे. आता पार पावलापतूर येती."

अक्कानं दोनदा हॅलो म्हटलं.

"अक्का, त्यांच्याशी बोलत बस. चहा दे. काहीही विचार, पण गप्प पडू देऊ नकोस. मी निघालोय."

"आरं, पर झालं काय?"

झालं काय ते सांगायला माझ्याकडं सुशिक्षित शब्द नव्हते. बार्शीला पोचलो तर आप्पा ओसरीवर होते. चादर त्यांच्या गळ्यापासून पावलांपर्यंत नीट पसरलेली होती. कात्रीनं कापलेली कड मला पाठ होती, ती कुठंच नव्हती. पायाशी तांबड्या सुताच्या किनारीच्या दोन-तीन रेघा उमटल्या होत्या.

"थोडंच राहिलंय," आप्पा म्हणाले. "झालं की मोकळा."

मी त्यांना दुसऱ्या दिवशीच परत आणलं. एसटीत सगळी वाट मी त्यांच्याशी ओरडून बोलत होतो. पिकं, पाऊस, भाव, गाडी कुठं आली. पुढच्या सीटवरचा माणूस उठून मागं गेला. आप्पांना एक अक्षर ऐकू येत नव्हतं, पण उत्तर देण्यासाठी त्यांना माझ्या तोंडाकडं बघावं लागत होतं, आणि तेवढा वेळ बोटं थांबत होती. घरी पोचल्यावर खाट खोलीच्या दारातच ओढून घेतली. दार आता सताड उघडंच राहतं. बसव्वा काकू भिंतीपलीकडून बघत होत्या. त्यांनी चादरीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं आणि आत जाऊन थर्मासभर चहा करून आणला.

सोमवारची मीटिंग सुरू झाली आणि पाचव्या मिनिटाला मला आवाज आला. इयरफोनमधून नाही. खोलीतून, माझ्या खुर्चीखालून, टेबलाच्या पायांतून. पाण्याच्या ग्लासात वर्तुळं उठत होती.

"दिग्विजय," अपेक्षा मॅडम म्हणाल्या, "हा आवाज परत सुरू झालाय. परवानगी कशावर दिलीय, माहितीये ना तुम्हाला? मला हे वर कळवावं लागेल."

"हो मॅडम. एक मिनिट, बंद करतो."

मी थर्मास आणि बशी घेऊन उठलो. आप्पा डोळे मिटून पडले होते. मी त्यांच्या खांद्याला हात लावून हलवलं. ठोका थांबला. ग्लासातलं पाणी सपाट झालं.

आप्पा वैतागून उठून बसले. "धागा तुटला की रं. आता गाठ मारायला लागंल."

"मारा सावकाश," मी म्हणालो आणि खाटेवर त्यांच्या पायाशी, त्या तांबड्या किनारीवर बसलो. त्यांनी बशीतून चहा भुरकला. मागून लॅपटॉपमधून मॅडम म्हणत होत्या, "आता शांत झालंय. दिग्विजय? आहात ना?"

बशी रिकामी झाली तशी आप्पांची बोटं चादरीकडं वळली. माझ्याकडं बघून त्यांनी विचारलं, "तुला आज हापिस न्हाय व्हय?"

"आहे की," मी म्हणालो, आणि बशीत आणखी चहा ओतला.